गमतीदार कचराकुंडी बसवताय? मग या चुका टाळा

गमतीदार कचराकुंडीचा प्रस्ताव बहुतेक वेळा एका व्हिडिओपासून सुरू होतो. स्टॉकहोममधल्या एका डब्यात कुणीतरी कागद टाकतं, खोल विहिरीत काहीतरी कोसळत गेल्यासारखी लांबलचक शीळ ऐकू येते आणि मग धप्प! माणूस चक्रावून आत डोकावतो, आजूबाजूचा कचरा शोधून पुन्हा टाकतो. फोक्सवॅगनच्या २००९ च्या जाहिरात मोहिमेतला हा डबा. एका दिवसात ७२ किलो कचरा जमला, जवळच्या साध्या डब्यापेक्षा ४१ किलो जास्त, असं त्यांनी जाहीर केलं. हे दोन आकडे सगळ्या सादरीकरणांत असतात. तो डबा त्या दिवशी कितीदा उपसावा लागला असेल, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

हिशेब करून बघा. चहाचे कप, वेफर्सची पाकिटं, कागदी प्लेटा असा सैल सुका कचरा १०० लिटरच्या डब्यात जेमतेम सहा ते आठ किलो मावतो. त्यात उष्टं, फळांची सालं, अर्धवट भरलेल्या बाटल्या मिसळल्या तर बारा-पंधरा. म्हणजे ७२ किलोसाठी असा डबा दिवसातून किमान पाच वेळा रिकामा करायला हवा. आपल्याकडे चौकातला डबा सकाळच्या पाळीत एकदा रिकामा होतो. गंमत लावून कचऱ्याची आवक दुप्पट करायची आणि उचल होती तेवढीच ठेवायची, तर दुपारनंतर तुमचा हसरा डबा हीच त्या रस्त्यावरची सर्वांत घाणेरडी जागा होणार. भरून वाहणाऱ्या डब्याशेजारी पिशवी ठेवताना कुणालाही लाज वाटत नाही. डबा हसरा असला तरी नाही.

म्हणून चित्रकाराला फोन करण्याआधी मुकादमाला भेटा. आत्ता तिथे जो साधा डबा आहे तो किती वाजता तीन चतुर्थांश भरतो, हे आठवडाभर लिहून काढा. ती वेळ सकाळी अकराची असेल, तर तिथे गमतीची नाही, दुसऱ्या फेरीची गरज आहे. फेरी वाढणार नसेल तर डबा बसवू नका. हे ऐकून हिरमुसणारे पुष्कळ भेटतात. त्यांना डब्यापेक्षा उद्घाटनात जास्त रस असतो.

पेंग्विन आणि त्याचे भाऊबंद

तोंड वासून उभा असलेला काळा-पांढरा फायबरचा पेंग्विन, छातीवर इंग्रजीत ‘यूज मी’. बागेत, बसस्टँडवर, शाळेच्या आवारात तो दिसला नाही असं गाव सापडणं कठीण. सोबत ससा, कांगारू वगैरे मंडळी असतात. तालुक्याच्या गावी दक्षिण ध्रुवाकडचा पक्षी इंग्रजीत विनवणी का करतो, हे कोडं बाजूला ठेवू. त्याचं आयुष्य कसं जातं ते बघा, कारण ते जवळपास सगळीकडे सारखंच जातं.

पहिल्या आठवड्यात मुलं चोचीत हात घालून फोटो काढतात. महिन्या-दोन महिन्यांत पाठीमागच्या दाराची कडी निखळते, कारण ती पातळ फायबरवर नुसत्या स्क्रूने बसवलेली असते आणि फायबरमध्ये स्क्रूचे आटे टिकत नाहीत. मग दार तारेने बांधतात. रोज तार सोडायची आणि पुन्हा पिळायची, हे कोण करणार? सफाई कामगार चोचीतून हात घालून निघेल तेवढं काढतो, नाहीतर अख्खा पेंग्विन तिरपा करून झटकतो. या झटकण्याने बुडाशी बोल्टच्या भोवती तडे जातात. पावसाळ्यात उघड्या चोचीतून पाणी शिरतं. खाली भोक नसल्यामुळे चार बोटं काळं पाणी साचतं आणि त्यात डासांच्या अळ्या होतात. पाऊस सरल्यावर कुणाची तरी जळती विडी आत पडते. फायबर पेटलं की काळा धूर सोडत जळतं, आणि दुसऱ्या दिवशी अर्धं तोंड जळालेला पेंग्विन मुलांना घाबरवत उभा असतो. पुढे तो माळ्याच्या खोलीमागे आडवा पडतो. एवढं होऊन ‘लोकांना शिस्तच नाही’ असा शेरा मारला जातो.

दोष लोकांचा नसतो. दोष कामाच्या उलट्या क्रमाचा असतो: आधी प्राणी ठरला, मग त्याच्या पोटात कचरा कसा राहील ते बघू, असं चाललेलं असतं. क्रम फिरवा. आधी आतला सुटा डबा ठरवा आणि त्याच्यावर प्राणी चढवा.

आतला डबा गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा, १८ गेजचा, ३८ सेंटिमीटर व्यासाचा आणि ५३ सेंटिमीटर उंचीचा घ्या. तो ६० लिटरचा होतो. दोन बाजूंना कड्या हव्यात. यापेक्षा मोठा डबा भरल्यावर एकट्या माणसाला कंबर सांभाळून उचलता येत नाही, आणि जो उचलता येत नाही तो रिकामा होत नाही. पत्र्याचाच हवा, कारण विडी आणि दिवाळीतला फटाका या दोन गोष्टी आत पडणारच आहेत. बुडाला १० मिलिमीटरची सहा भोकं पाडा. बाहेरच्या कवचाचं बूड उघडं ठेवा आणि सगळा सांगाडा जमिनीपासून सात-आठ सेंटिमीटर वर उचला, म्हणजे खाली झाडू जातो.

दाराची मोकळी रुंदी आतल्या डब्यापेक्षा किमान पाच सेंटिमीटर जास्त ठेवा. ‘बरोब्बर बसतं’ असं कारागीर अभिमानाने सांगतो, पण पोचे पडलेला डबा त्याच दारातून महिन्याभराने बाहेर येत नाही. बिजागरी दाराच्या पूर्ण उंचीची, आणि दार फायबरला नाही तर आतल्या लोखंडी अँगलच्या चौकटीला जोडायचं. कुलूप नको. विजेच्या पॅनेलला असते तशी त्रिकोणी चावी लावा.

पाया: ४५ बाय ४५ सेंटिमीटरचा, ३० सेंटिमीटर खोल काँक्रीटचा ठोकळा, त्यात १२ मिलिमीटरचे चार बोल्ट. बोल्ट लोखंडी चौकटीला कसायचे, फायबरला कधीच नाही.

सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे घसरपट्टी. प्राण्याचं तोंड पुढे आलेलं असतं आणि आतला डबा मध्यावर असतो. तोंडातून टाकलेला कप थेट डब्यात न पडता डबा आणि कवच यांच्या फटीत पडतो. पंधरा दिवसांत ही फट ठासून भरते आणि वास कुठून येतोय ते कळत नाही. तोंडापासून डब्याच्या काठाच्या आत तीन-चार सेंटिमीटरपर्यंत पत्र्याची घसरपट्टी द्या, उतार किमान ५० अंशांचा. त्याहून कमी उतारावर ओला कागद चिकटून बसतो.

आता तोंड. खालची कड जमिनीपासून ८० सेंटिमीटरवर, फक्त मुलांच्या बागेत ७० वर. मोकळी जागा २२ सेंटिमीटर रुंद आणि १६ उंच. या मापातून भेळेची प्लेट आणि लिटरची बाटली आरामात जाते. घरच्या कचऱ्याची गच्च पिशवी जात नाही. तोंड मोठं केलं की आजूबाजूच्या चार इमारतींचा कचरा सकाळी सातच्या आत पोटात. लहान केलं की प्लेट काठावर अडकते, आणि एक प्लेट अडकली की पुढचे सगळे जण खाली टाकतात. तोंडावर १२-१५ सेंटिमीटर पुढे आलेलं छप्पर हवं, पावसासाठी. प्राणी निवडतानाही तोंडाकडे बघूनच निवडा. पेंग्विनला निसर्गाने चोच दिलीय, ती २२ सेंटिमीटर केली की तो पेंग्विन दिसत नाही. बेडूक, पाणघोडा, मगर यांना मोठं तोंड शोभतं.

शहाळ्याच्या गाडीजवळ हे काहीच लावू नका. दहा-बारा शहाळ्यांत ६० लिटर संपले. तिथे उघडं मोठं क्रेट, आणि ते उचलण्याची जबाबदारी गाडीवाल्याची.

बोलका डबा

ही दुसरी लाडकी चूक. नेदरलँड्समधल्या एफ्टेलिंग या करमणूक उद्यानात १९५९ पासून एक खादाड गलेलठ्ठ पुतळा ‘कागद इकडे!’ असं ओरडतोय, आणि मुलं त्याला खाऊ घालायला कागद शोधत फिरतात. ते बघून आपणही डब्यात स्पीकर बसवायला निघतो. तो पुतळा नुसता बोलत नाही, हवेने कागद आत ओढतो, हे राहून जातं. तिथे वीज आहे, दुरुस्तीचे लोक हाकेच्या अंतरावर आहेत, तिकीट काढून आलेली माणसं आहेत. रेल्वे स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर यातलं एकही नाही.

नवशिके हमखास करतात ते असं: माणूस जवळ आला की ओळखणारा सेन्सर लावतात, आणि कुणीही शेजारून गेलं की डबा ‘नमस्कार, कचरा मला द्या’ म्हणतो. दिवसाला हजारो माणसं जाणाऱ्या रस्त्यावर हा डबा हजारो वेळा नमस्कार करतो. तिसऱ्या दिवशी समोरचा टपरीवाला वायर तोडतो, आणि योग्यच करतो. आवाज हे बक्षीस आहे. ते कचरा पडल्यावर मिळालं पाहिजे, आधी नाही.

त्यासाठी तोंडाच्या आत, पण आतल्या डब्याच्या काठाच्या वर, गळ्यात, आडवा इन्फ्रारेड किरण लावा. किरण तुटला की आवाज. सेन्सरच्या काचा एक सेंटिमीटर आत, नळीत बसवा, नाहीतर उष्ट्या चहाचे शिंतोडे उडून चार दिवसांत आंधळ्या होतात. आवाज तीन सेकंदांपेक्षा लांब नको. सात-आठ वेगवेगळे ठेवा, कोणता वाजेल ते ठरलेलं नको, आणि मधूनच एखाद्या वेळी काहीच वाजू नये. रोज तेच ऐकून कंटाळा येतो, अंदाज बांधता येत नाही तिथे माणूस पुन्हा टाकून बघतो. एकदा वाजल्यावर पाच सेकंद गप्प राहण्याची सोय करा. ती नसेल तर शाळा सुटल्यावर पोरं खडे मारून डबा भरतात. सेन्सरला खडा आणि कप यांतला फरक कळत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा आवाज आपोआप बंद. ध्वनिप्रदूषणाचे नियम डब्यालाही लागू आहेत.

बॅटरीचा हिशेब कागदावर करा. २५०० मिलिअँपिअर-तासांचे दोन सेल समांतर जोडले आणि सर्किट सतत २५ मिलिअँपिअर घेत असेल, तर आठ दिवस चालतं. तेव्हा दर सोमवारी सेल बदलायचे, संपायची वाट बघायची नाही. छोटं सोलर पॅनेल लावायचा मोह होईल. ते चोरीला जातं.

आणि मुका झालेला बोलका डबा हा साध्या डब्याहून वाईट. लोक कचरा टाकतात, कान देतात, काही होत नाही, आणि ‘बंद पडलंय’ म्हणून पुढच्या वेळी जवळही जात नाहीत. त्यामुळे पुढची दोन वर्षं सेल कोण बदलणार याचं नाव कागदावर नसेल, तर इलेक्ट्रॉनिक्सच्या वाटेला जाऊ नका. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी प्रयोग आहे: क्लेमसन विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानावर तिथल्या प्रेक्षकांच्या टोपीच्या आकाराचा डबा ठेवला. झडप ढकलली की ‘आभारी’ असा शब्द समोर यायचा. साध्या डब्याच्या दुपटीहून जास्त कचरा त्यात पडला. बॅटरी नाही, वायर नाही. झडप मात्र रोज पुसावी लागते. चिकट झडपेला कुणी बोट लावत नाही.

वजनावर टाळ्या

डब्यातला कचरा वाढला म्हणजे रस्त्यावरचा कमी झाला, असं मुळीच नाही. तो पन्नास पावलांवरच्या दुसऱ्या डब्यातून इकडे वळलेला असतो, किंवा मुलांनी मुद्दाम फाडलेला कागद असतो. वजन करणाऱ्याला हे दिसत नाही. कोपनहेगनमध्ये डब्यांकडे नेणारी हिरवी पावलं रंगवली, तेव्हा तिथल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या लोकांना टॉफ्या वाटल्या आणि जमिनीवर पडलेले कागद मोजले. ते ४६ टक्क्यांनी कमी भरले. मोजायची रीत ही.

डब्याच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर खडूने आखून घ्या. संध्याकाळी चारला ती पट्टी पूर्ण झाडा, आठला मोजा. वजन नको, नग मोजा: कप इतके, पाकिटं इतकी, गुटख्याच्या पुड्या इतक्या, प्लेटा इतक्या. दर आठवड्याला एक मंगळवार आणि एक शनिवार. बसवण्याआधी दोन आठवडे, बसवल्यावर दोन आठवडे, आणि तिसऱ्या महिन्यात पुन्हा दोन आठवडे. हा तिसरा टप्पा बहुतेक जण गाळतात, कारण पहिल्या पंधरवड्याचे आकडे छान असतात आणि तेव्हाच अहवाल लिहायची घाई असते. नवलाई ओसरल्यावर काय उरलं, हे फक्त तिसऱ्या महिन्यात दिसतं. तशीच एक पट्टी शेजारच्या रस्त्यावर, जिथे काहीच बदललं नाही तिथेही मोजा. पाऊस पडला, शाळांना सुट्टी लागली, तर दोन्हीकडे दिसेल.

मतपेटी

लंडनच्या व्हिलियर्स स्ट्रीटवर २०१५ मध्ये सिगारेटच्या थोटकांसाठी दोन कप्प्यांची पारदर्शक पेटी लावली होती: जगातला सर्वोत्तम खेळाडू कोण, रोनाल्डो की मेस्सी? थोटूक टाका, मत द्या. कल्पना झकास आहे, पण जशीच्या तशी उचलू नका. आपल्याकडे सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे, त्यामुळे बसस्टँडवर थोटकांची मतपेटी म्हणजे पालिकेनेच दिलेलं आमंत्रण. चहाचे कागदी कप, बाटल्यांची झाकणं यांच्यासाठी करा.

प्रश्न दर पंधरा दिवसांनी बदला. मिसळ कोल्हापूरची की नाशिकची, यावर पुण्यात तिसरा कप्पा मागतील, एवढा तरी चुरशीचा हवा. ‘पर्यावरण वाचवायचं का? हो / नाही’ हा प्रश्न नाही, हे प्रवचन आहे. पक्ष, नेते, जाती, देव यांच्या जवळपास जाऊ नका. भांडणं होतात, आणि आचारसंहिता लागली की पेटी कापडात गुंडाळावी लागते. समोरचा पत्रा अ‍ॅक्रिलिकचा नको, पॉलिकार्बोनेटचा चार मिलिमीटर. अ‍ॅक्रिलिक आपटल्यावर तडकतं. दोन्ही कप्पे एकाच वेळी रिकामे करा. एक बाजू भरून दुसरी अर्धी राहिली की कामगार भरलेलीच काढतो, आणि जिंकणारा शून्यावर येतो. एकदा असं झालं की लोकांचा निवडणुकीवरचा विश्वास उडतो.

आकार काय सांगतो

भोकाचा आकार ही सर्वांत स्वस्त गंमत आहे, आणि तिच्याकडेच कुणी बघत नाही. बाटल्यांच्या डब्याला गोल भोक आणि कागदाच्या डब्याला फट दिली, तर वाचायला न लागताही वस्तू योग्य जागी पडते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशा झाकणांमुळे पेयांच्या बाटल्या आणि कॅन योग्य ठिकाणी पडण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी वाढलं होतं आणि त्यात मिसळणारा इतर कचरा ९५ टक्क्यांनी घटला होता. आपल्याकडचं उदाहरण त्याहून बोलकं आहे: निर्माल्य कलश. गणपतीतले हार कचऱ्याच्या डब्यात टाकायला हात धजावत नाही. तोच डबा कलशाच्या आकाराचा केला की माणूस दुर्वा वाकून, जपून आत ठेवतो. मात्र तो कलश विसर्जनानंतर घाटावर तसाच सोडला, की पंधरा दिवसांत त्यात कप आणि पुड्या दिसतात. काम झालं की उचलून ठेवा.

रंगांशी खेळताना हिरवा ओला, निळा सुका हे मोडू नका. लोकांना ते शिकवायला वर्षं गेली आहेत. हिरव्या बेडकात सुका कचरा मागणं हा वेडेपणा आहे.

बाकीच्या, थोडक्यात

बास्केटबॉलची रिंग: चहा उरलेला कप लांबून फेकला की काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. लावायचीच तर मागे फळी, खाली ७० सेंटिमीटर रुंद नरसाळं, आणि उभं राहायची रेघ एका मीटरवर.

जमिनीवरची पावलं: ऑइलपेंट पावसात निसरडा होतो, रंगात चाळलेली बारीक वाळू मिसळा. पावलं गाडीपासून डब्यापर्यंत काढा, म्हणजे जिथे खाणं संपतं तिथून. स्वित्झर्लंडमधल्या लुत्सर्न शहरासारखी डब्याभोवती ठिकरीची घरं आखायला आधी तेवढा मोकळा फुटपाथ लागतो.

पिचकारी: ६० सेंटिमीटरपेक्षा खाली असलेलं उघडं तोंड म्हणजे पिकदाणी.

स्टेनलेस स्टील: चोरीला जाऊन भंगारात जातं.

अक्षरं: तीन-चार शब्द, पाच सेंटिमीटर उंच, मराठीत. प्रायोजकाचं नाव डब्याच्या तोंडापेक्षा मोठं असेल तर लोक त्याला जाहिरातीचा फलक समजून पुढे जातात.

एकदम वीस बसवणं: एक बसवा, एक पावसाळा काढा.

चावी: ती एकाच माणसाकडे असते, तो रजेवर जातो, आणि दार पहारीने उघडलं जातं. तीन चाव्या करा. एक मुकादमाकडे, एक घंटागाडीत, आणि एक समोरच्या टपरीवाल्याकडे, कारण डबा किती वाजता भरतो हे त्यालाच सर्वांत आधी दिसतं.